बोरीहून मुंबईला : एका जुन्या जीपचा प्रवास

'जुने ते सोने' ही म्हण आपण सगळेच सहज वापरतो. पण घरातल्या जुन्या वस्तूंशी आपले वागणे मात्र तसे नसते. पितळी घंगाळ मोडीत जाते, लाकडी तिफण चुलीत जाते, आणि गोठ्यामागे उभी असलेली जुनी मोटार किलोच्या भावाने भंगारात जाते. यात नवल करण्याजोगे काही नाही. जिचा उपयोग संपला ती वस्तू सांभाळायची तर जागा लागते, पैसा लागतो. तेव्हा कोणती जुनी वस्तू ठेवावी आणि कोणती काढून टाकावी, हा प्रश्न खराच आहे. आज त्या प्रश्नाचा विचार एका प्रवासाच्या निमित्ताने करावा असे मनात आहे. परभणी-जिंतूर रस्त्यावर बोरी हे आमचे गाव. तेथून आम्ही तिघेजण पन्नाशी उलटलेल्या एका जीपमधून मुंबईला, जुन्या मोटारींच्या मेळाव्याला जाऊन आलो.

आपण म्हणाल, जुन्या मोटारींचा मेळावा ही काय भानगड? बैलपोळ्याला जसे बैल सजवून वेशीत आणतात, तशा हौशी मंडळी आपल्या जुन्या गाड्या पुसूनपासून एके ठिकाणी आणतात, लोकांना दाखवतात आणि मग रांगेने रस्त्यावरून चालवतात. या प्रथेचे मूळ इंग्लंडात आहे. तेथे मोटारीपुढे एक माणूस पायी चालला पाहिजे असा कायदा होता. 1896 साली तो बदलला, तेव्हा त्या आनंदात मोटारवाल्यांनी लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्या नेल्या. 1927 मध्ये त्या फेरीची पुन्हा आठवण काढली गेली, आणि पुढे तिचा वार्षिक उत्सवच झाला. तीत 1905 पूर्वीच्याच गाड्यांना प्रवेश मिळतो. आपल्या देशात दिल्लीला 'स्टेट्समन' वृत्तपत्राने 1964 पासून अशी फेरी चालू केली. मुंबईत 'व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया' या संस्थेच्या गाड्या हॉर्निमन सर्कलच्या गोलाकार रस्त्यावर उभ्या राहत आल्या आहेत. 'व्हिंटेज' हा शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा. अमुक सालच्या द्राक्षांची दारू, या अर्थाचा. तो नाशिककरांना आपला वाटावा. मोटारीला तो पुढे चिकटला.

आता जीपविषयी. आमच्या मराठवाड्यात जीप ही श्रीमंतांची हौस कधीच नव्हती. 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि विकास अधिकाऱ्यांच्या जीपगाड्या कच्च्या रस्त्यांनी खेड्यांत येऊ लागल्या. 'जीप आली' म्हणजे सरकार आले, असा अर्थ म्हातारी माणसे अजून सांगतात. विलीस कंपनीच्या या गाड्या महिंद्र कंपनी मुंबईत जोडू लागली आणि पुढे येथेच बनवू लागली. उंच बॉनेटची, चार सिलिंडरांची, सुमारे 2200 सी.सी.च्या पेट्रोल इंजिनाची ती जीप कित्येक वर्षे आपल्याकडे निघत होती. त्याच घराण्यातल्या डिझेल जीपगाड्या नंतर काळी-पिवळी होऊन आपल्या रस्त्यांवर धावल्या. बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला आपण त्यांतूनच गेलो.

आमच्या गावच्या एका शेतकऱ्याकडे अशी पेट्रोल जीप आहे. गाव त्यांना आबा म्हणते. त्यांच्या वडिलांनी ती सरकारी लिलावात घेतली होती. एक व्यापारी दोनदा येऊन भाव सांगून गेला होता. आबांच्या मुलाचे म्हणणेही वावगे नव्हते. तो म्हणे, "आबा, ती जागा मला सोयाबीनला पाहिजे. पोती बाहेर भिजतात अन् गाडी आत बसती." बापलेकांत यावरून अबोला धरण्यापर्यंत मजल गेली. शेवटी आबा मला म्हणाले, "सर, एकदा मुंबईला नेऊ. जाणत्या माणसांनी हिला लोखंड म्हटलं, तर परत आलो की देऊन टाकतो." बरोबर गाडीचे मिस्त्री होते. वय सत्तरीच्या पुढचे. गाव त्यांना चाचा म्हणते.

निघण्यापूर्वी चाचांनी आठ दिवस गाडीखाली काढले. पॉइंट घासले, त्यांतली फट पत्तीने मोजली, पट्टा बदलला. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या मात्र सगळ्याच काढल्या. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसापासून, मक्यापासून होणाऱ्या इथेनॉलने शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळाले, ही चांगलीच गोष्ट. पण जुन्या गाड्यांतल्या रबराला ते मानवत नाही. नळ्या मऊ पडतात, पाझरतात, आणि तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोल पाझरणे म्हणजे आगीशी खेळ. ज्यांच्याकडे जुनी मोटार, जुनी मोटारसायकल आहे त्यांनी एवढे तरी तपासून घ्यावे.

रस्ता कोणता धरायचा? नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरांचा. 5 जून 2025 रोजी त्याचा शेवटचा टप्पाही खुला झाला. जालन्याजवळ त्यावर चढता येते. पण तेथे मोटारी ताशी 120 किलोमीटरने धावतात, आणि आमची जीप 45 च्या वर गेली की चाचा मागून खाकरत. म्हणून आम्ही जुनाच रस्ता धरला : जिंतूर, मंठा, जालना, छत्रपती संभाजीनगर, वैजापूर, येवला, नाशिक आणि कसारा घाट. पाचशेहून अधिक किलोमीटर, दोन दिवस.

वैजापूर सोडले आणि दुपारच्या उन्हात, मालमोटारींच्या मागे रखडत असता, गाडीने मान टाकली. टाकीत पेट्रोल भरपूर. चाचांनी बॉनेट उघडले, पंचा पाण्यात भिजवला आणि पेट्रोलच्या पंपावर व नळीवर गुंडाळला. म्हणाले, "दहा मिनटं बसा, सर. तिला धाप लागली." झाले असे होते, की तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ झाली होती. पंप पातळ पदार्थ ओढतो. वाफ त्याला ओढता येत नाही. नळी थंड झाली, वाफेचे पुन्हा पेट्रोल झाले, गाडी चालू झाली. शिक्षक बंधुभगिनींना मला सांगायचे आहे, की उत्कलन आणि संघनन हा पाठ याहून चांगला मी कोठे पाहिला नाही. आणि तो शिकवणारा माणूस चौथी शिकलेला होता.

कसारा घाटात दुसरा पाठ मिळाला. आबांना उतारावर गाडी मोकळी सोडावीशी वाटली. चाचांनी सोडू दिली नाही. "ज्या गिअरमध्ये चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवा, आबा. ब्रेकवर उतरली तर खाली ब्रेक राहणार नाही." जुन्या गाडीचे ड्रम-ब्रेक सारखे दाबून ठेवले तर तापतात आणि त्यांची पकड सुटते. इंजिनाच्या अडवणुकीवर वेग आवरायचा, हा नियम आजच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीलाही लागू आहे. उसाची भरलेली ट्रॉली उतारावर न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्या तरुणांनी तो ध्यानात ठेवावा.

मुंबईत पहाटे हॉर्निमन सर्कलला पोहोचलो. एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांसमोरची ही जागा. तेथे ब्यूइक, कॅडिलॅक, रोल्स-रॉइस अशा चकाकणाऱ्या मोटारी उभ्या होत्या. शेजारीच आपल्या ओळखीच्याही होत्या. वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, तेथे होती. टॅक्सी म्हणून पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. 2014 पर्यंत निघत असलेली अँबेसेडरही होती. आमची जीप एका टोकाला, अंगावर मराठवाड्याची धूळ घेऊन उभी राहिली. आबा संकोचले. पण गर्दी जमली ती तिच्याभोवतीच. पुष्कळ माणसे सांगू लागली, की आमच्या वडिलांकडे अशीच होती, आमच्या मामांकडे होती. एका वृद्ध गृहस्थांनी बॉनेट उघडायला लावले आणि बराच वेळ आत पाहिले. मग विचारले, "इंजिन मूळचंच आहे? डिझेल का नाही बसवलं?"

चाचा म्हणाले, "लई लोकांनी सांगितलं. मी बसवलं नाही."

हे उत्तर फार मोलाचे होते, हे तेथे कळले. 2021 साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. तिच्या क्रमांकात 'व्ही ए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, नूतनीकरण 5,000 रुपये. पण अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याला चालवता येत नाही. मेळावा, प्रदर्शन, अभ्यास आणि तिची देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. आपल्याकडच्या बहुतेक जीपगाड्यांना परवडत नाही म्हणून डिझेल इंजिने बसवली गेली. ते त्या वेळी योग्यच होते. पण त्यामुळेच मूळ स्थितीतली एखादी जीप आज दुर्मीळ झाली आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जुन्या गाड्या धूर करतात, त्यांना सुरक्षेचे पट्टे नाहीत. त्या सगळ्याच जपायच्या काय? मुळीच नाही. रोज माणसे वाहणारी खिळखिळी गाडी मोडीत निघालीच पाहिजे. तिच्याबद्दल हळहळ करणे म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळणे. पण शंभरांतील एक तरी पुढच्यांना दाखवायला ठेवावी. 1932 साली निजाम राज्याच्या रेल्वेने 27 बसगाड्यांनिशी मोटार वाहतूक सुरू केली. त्या काळची एक आल्बियन बस हैदराबादेत जपून ठेवलेली आहे. म्हणून आज ती मुलांना दाखवता येते. जी ठेवली नाही, तिचे वर्णनच करावे लागते.

परंतु या मेळाव्यात मला सर्वांत अधिक लागून राहिली ती वेगळीच गोष्ट. एका मोटारीचे मालक चाचांशी बोलत होते. ते म्हणाले, "सुटे भाग परदेशातून मागवता येतात, पैसे टाकले की येतात. पण कार्बुरेटर कानाने लावणारा माणूस मागवता येत नाही. आमचा मिस्त्री गेला, त्यानंतर गाडी नीट चाललीच नाही." चाचा यावर काही बोलले नाहीत. त्यांचा एक मुलगा मोबाईलच्या दुकानात आहे, दुसरा पुण्याला कारखान्यात. हाताखाली कोणी नाही. परतीच्या वाटेवर नाशिकला चहा घेताना ते एवढेच म्हणाले, "आबा, गाडी ठेवा नाहीतर द्या. पण माझ्यामागं हिला कोण उघडणार, ते आधी ठरवा."

मंडळी, खरा प्रश्न हा आहे. गाडी लोखंडाची असते. ती छपराखाली कोरडी ठेवली तर शंभर वर्षे टिकेल. हातातली विद्या मात्र माणसाबरोबर जाते, आणि ती वहीत सहसा उतरलेली नसते.

आबांनी गाडी विकली नाही. मुलाची पोती भिजू नयेत म्हणून सोयाबीनसाठी वेगळे पत्र्याचे छप्पर घातले. त्याचा खर्च बापलेकांनी निम्मानिम्मा केला. अकरावीतला नातू दर रविवारी चाचांकडे जातो. पहिले तीन रविवार त्याला फक्त पाने पुसायला लावले होते. तो किती दिवस टिकतो, ते आज कोणी सांगू शकत नाही.

आपल्याला तीन गोष्टी सुचवतो. आपल्या गोठ्यामागे जुनी मोटार, मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर असेल, तर किलोचा भाव ऐकण्याआधी तिची कागदपत्रे शोधा आणि इंजिन मूळचे आहे का ते पाहून घ्या. कागद हरवले तर गाडीचा इतिहासही हरवतो. दुसरे, शिक्षकांनी वर्षातून एकदा मुलांना गावच्या मिस्त्रीकडे, लोहाराकडे, सुताराकडे न्यावे. त्यांनी प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्या कारागिराच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावीत. हा खर्चाचा उपक्रम नाही. आणि तिसरे, अशा माणसापाशी बसायला एखादा मुलगा किंवा मुलगी तयार असेल, तर 'यात पैसा काय' असे म्हणून त्यांना उठवू नका. पैसा किती मिळेल हे पुढे कळेल. शिकवणारा मात्र आजच आहे.