जामसांवलीची वाट आणि दवाखान्यातली नोंद



मी मराठीचा प्राध्यापक; मनोविकारशास्त्रात माझी गती नाही. तरीही गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय घेतला, कारण सौंसरकराला जामसांवली दूर नाही. पहुडलेल्या मारुतीरायाच्या पायाशी आपल्या घरांतले कोणी ना कोणी बसलेले असते. माझी आत्या बसली होती.

तिला ‘बाहेरचं लागलं’ असे घरी म्हणत. नागपूरच्या एका डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती सावरली. पुढे मंदिरात राहू लागली, गोळ्या सुटल्या आणि काही महिन्यांत ती पुन्हा ढासळली. डॉक्टरांच्या लेखी ती ‘आली नाही’ एवढीच उरली असेल. का आली नाही हे त्यांना कळवायला हवे होते. घरात शिकलेला मीच होतो, मी कळवले नाही. देवाला दोष देणे सोपे. ते मात्र मी बरीच वर्षे केले.

पुढे वाचनात आले की, अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९३ मध्ये प्रत्यक्ष दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांचे संशोधनजाळे उभारले. मोठ्या रुग्णालयातील प्रयोगांसाठी रोगी पारखून घेतलेला असतो, बहुधा एकाच व्याधीचा. रोजच्या दवाखान्यातला तसा नसतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या मोजक्या रुग्णांची एकाच नमुन्यात, नाव वगळून नोंद करायची आणि त्या सर्व एकत्र तपासायच्या. एकट्या डॉक्टरला जो अपवाद वाटतो, तो अनेकांच्या नोंदींत नेहमीचा ठरू शकतो.

आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशासह १२ राज्ये होती. निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना आढळले. उपचार सुरू करून सोडणाऱ्यांची कथा मात्र दवाखान्यातच कळते.

आपल्या भागातली अडचण आणखी निराळी. १९५६ मध्ये नागपूर एका राज्यात गेले, आपण दुसऱ्यात राहिलो. रोगी नागपूरला जातो, छिंदवाड्याला जातो, मधे जामसांवलीला थांबतो. त्याचे कागद कुठेच एकत्र येत नाहीत. शिवाय बोलणे मराठीत, चिठ्ठी इंग्रजीत. ‘जीव थाऱ्यावर नाही’ म्हणणाऱ्या बाईचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत, हा माझ्या प्रांतातला आग्रह.

नमुन्यात देवस्थानाचाही रकाना असावा, आणि तो उपहासाने भरू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे साखळदंडांत जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. पुढच्याच वर्षी डॉ. रघुराम व सहकाऱ्यांनी त्याच राज्यातील एका मंदिरात राहिलेल्या ३१ रुग्णांची पाहणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली, त्यांची लक्षणे सुमारे २० टक्क्यांनी घटली होती. आमची जामसांवली कोणाला काय देते, हे अंदाजाने कसे सांगावे?

या शाळेचे काही विद्यार्थी आज डॉक्टर आहेत. त्यांनी पुढच्या पाच रुग्णांना विचारावे : गोळ्या कधी सोडल्या, का सोडल्या? उत्तर, संमती घेऊन, त्यांच्याच शब्दांत लिहावे. भाषेसाठी माणूस लागला तर मला बोलवा, मी येईन.