शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेबाचे सॉफ्टवेअर घेताना



सोयाबीन, तूर खरेदी करणारी आपली उत्पादक कंपनी आता वह्या सोडून संगणकावर हिशेब ठेवू पाहत असेल, तर आधी वह्या पाहा. एकाच सभासदाचे नाव भागभांडवलाच्या रजिस्टरात एक, बँक खात्यावर दुसरे, सातबाऱ्यावर तिसरे, असे सर्रास आढळते. हा घोळ सॉफ्टवेअर मिटवत नाही. उलट तो छापून येतो आणि छापील म्हणून खरा वाटतो. प्रत्येक सभासदाला एक कायम क्रमांक द्यावा व मगच माहिती भरावी.

विक्रेता पडद्यावर रंगीत तक्ते दाखवील. आपण त्याला काटापट्टी करावयास सांगावे. समजा, 25 पोत्यांचे वजन 1525 किलो भरले. पोत्यामागे 1 किलो बारदाना वजा जाता माल 1500 किलो. ओलाव्याची 2 टक्के तूट 30 किलो, निव्वळ 1470. हीच तूट बारदान्यासह वजनावर धरली, तर 30.5 किलो होते. अर्धा किलो कोणाच्या लक्षात येणार? पण अशा 400 मापांत 2 क्विंटल होतात. 2025-26 च्या 5,328 रुपये हमीभावाने ते 10,656 रुपये झाले, आणि ते सभासदांच्या खिशातून गेले.

नवी पद्धत ऐन दिवाळीच्या आवकेत सुरू करू नये. 1 एप्रिलला आरंभीची शिल्लक घेऊन सुरुवात करावी आणि एक हंगाम वही व संगणक दोन्ही चालवावेत. दुहेरी लिखाणाचा कंटाळा येतो, हे खरे. पण रोज संध्याकाळी दोन्हींचा मेळ घेतला की चूक त्याच दिवशी सापडते.

कायद्याचीही एक बाब आहे. हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला 1 एप्रिल 2023 पासून, नोंदीतील प्रत्येक बदल तारखेसह आपोआप टिपणारे आणि ही सोय बंद करता न येणारे सॉफ्टवेअरच वापरावे लागते. उत्पादक कंपनीही त्यातून सुटलेली नाही. स्वस्तात मिळणारी चोरटी प्रत म्हणूनच घेऊ नये. हिशेबाची पुस्तके 8 वर्षे जपावी लागतात. तेव्हा करार संपल्यावर आपली सर्व माहिती काढून मिळेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

काट्यावर बसणाऱ्याचा पासवर्ड वेगळा आणि रक्कम अदा करणाऱ्याचा वेगळा असावा. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवू नये.