समोर कोणी नसताना इंग्रजी

मराठी शाळेत शिकून आज चाळिशी-पन्नाशीत पोचलेल्या बहुतेकांचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. म्हणजे या मंडळींनी दहावीपर्यंत सहा वर्षं इंग्रजी वाचलं, लिहिलं, कुणी घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवली आणि परीक्षाही पास केली. ऑफिसचा ईमेल आज त्यांना नीट समजतो, पण बोलायची वेळ आली की ततपप होते. कारण विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: बोलायला कोणी नव्हतं, वातावरण नव्हतं. हे निदान मला अर्धंच वाटतं. सोबत नव्हती हे खरं; पण त्याहून मोठी उणीव अशी की तोंडच उघडलं गेलं नाही, आणि तोंड उघडायला समोर माणूस लागतोच असं नाही. मीसुद्धा आत्ता बंद खोलीत एका मायक्रोफोनशीच बोलतो आहे.

नुसत्या वातावरणानं काय साधतं आणि काय राहून जातं, हे कॅनडात दिसलं आहे. तिथे इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंच माध्यमातून शिकवलं गेलं. मेरिल स्वेन यांनी अशा मुलांचा अभ्यास करून १९८५ साली दाखवलं की फ्रेंच समजण्यात ती मुलं मातृभाषक मुलांच्या जवळपास पोचली होती, बोलण्यात मात्र मागेच होती. कानावर वर्षानुवर्षं फ्रेंच पडत होतं. स्वतः सलग बोलायची पाळी फार येत नव्हती. आपल्याकडे त्यात वाक्यरचनेची अडचण मिसळते. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘मी काल बँकेत’ इथवर बोलेपर्यंत पुढचं जुळवायला उसंत मिळते. इंग्रजीत कर्ता उच्चारला की लगेच क्रियापद हवं, तेही योग्य काळात. म्हणून आपण ‘आय’ म्हणतो आणि अडतो. हातात पेन दिलं तर हाच माणूस ‘आय वेंट टु द बँक यस्टर्डे’ बिनचूक लिहील. त्याला व्याकरण पुन्हा शिकवण्यात अर्थ नाही. येतं तेच वेळेवर तोंडात यायला हवं.

यासाठी एक जुनी रीत आहे. कीथ मॉरिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली आणि न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी पुढे नेली. एकाच विषयावर आधी चार मिनिटं बोलायचं, मग तेच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. मूळ रीतीत दर वेळी ऐकणारा बदलतो. घरी ते काम फोनमधल्या रेकॉर्डरवर सोपवावं. विषय मात्र रोजच्या कामातला घ्यावा, ‘माय हॉबी’ नको. समजा, माल वेळेवर का पोचला नाही हे ग्राहकाला सांगायचं आहे. पहिल्या फेरीत ‘मटेरियल रेडी… बट ट्रक… भिवंडी…’ असे तुकडे पडतात. कुठे अडलो ते ऐकून लिहून ठेवावं, हवा तो शब्द शोधावा. तिसऱ्या फेरीपर्यंत ‘द मटेरियल वॉज रेडी ऑन मंडे, बट द ट्रक लेफ्ट भिवंडी ओन्ली ऑन वेन्सडे’ असं सबंध वाक्य उतरू शकतं. हे सगळं घड्याळामुळे घडतं. वेळ कमी झाली की मराठीतून भाषांतर करत बसायला सवड उरत नाही.

ही घोकंपट्टीच झाली, असं कुणी म्हणेल. शंका रास्त आहे. पण नेल द योंग आणि चार्ल्स परफेटी यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तोच विषय पुन्हा पुन्हा बोललेल्या विद्यार्थ्यांचा ओघ नव्या विषयातही टिकला. दर वेळी नवा विषय घेणाऱ्यांना तो लाभ झाला नाही. नुसते शब्दच पाठ होत असते, तर असं झालं नसतं. दुसरा आक्षेप चुकांचा: सुधारणारं कोणी नसेल तर चुका घट्ट होतील. काही होतीलही. पण कॅनडातल्या मुलांसमोर तर शिक्षक होते, तरी चुका उरल्याच. आणि बऱ्याच चुका आपल्याच कानाला कळतात. ‘हॉटेल’ म्हणताना इंग्रजीत जोर ‘टेल’वर पडतो, आपण तो ‘हॉ’वर देतो. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्यांतली चार वाक्यं ऐकून तशीच म्हणून रेकॉर्ड करावीत आणि दोन्ही लागोपाठ ऐकावीत. असे फरक चटकन कानात भरतात. उलट, स्पोकन इंग्लिशच्या वर्गात चाळीस जणांत आपल्या वाट्याला जेमतेम दोन वाक्यं येतात, शिवाय हसं होण्याची धास्ती. प्रौढ माणसाला ही धास्ती पोरांपेक्षा जास्त असते.

एकट्याला जमत नाही ते एवढंच: समोरचा मध्येच तोडून भलतं विचारतो तेव्हा काय करायचं. त्याला माणूसच लागतो. तो ओळखीचा नसलेला बरा. बँकेच्या किंवा मोबाइल कंपनीच्या ग्राहकसेवेला काही कामासाठी फोन कराल, तेव्हा मराठीऐवजी इंग्रजीचं बटण दाबा. पलीकडच्याला प्रश्न विचारावेच लागतात, तो आपल्याला ओळखत नाही, आणि अगदीच अडलं तर मराठीत किंवा हिंदीत बोलायला कुणाची हरकत नसते.