वधस्तंभ कोणाच्या खांद्यावर?

मैत्रिणींनो, मी ख्रिस्ती घरात वाढले आणि आजही रविवारी उपासनेला जाते. संघटनेतल्या बायका मला विचारतात, तुमच्या धर्मात दुःखाचं एवढं कौतुक का? प्रश्न रास्त आहे. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला ‘हा तुझा वधस्तंभ, तो तूच वाहायचा’ असं सांगणारे मी ऐकले आहेत. सांगणारा बहुधा पुरुष, आणि मार काही त्याच्या पाठीवर पडलेला नसतो.

पण शुभवर्तमानं नीट वाचा. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. तो तिला सोसायला सांगत नाही. मुलगी म्हणतो, बरी करून पाठवतो. अठरा वर्षं कमरेत वाकलेल्या बाईला तो शब्बाथाच्या दिवशी, सभास्थानाच्या अधिकाऱ्याचा राग ओढवून घेऊन सरळ उभी करतो. दुसऱ्याच्या दुखण्याला त्याने वधस्तंभ म्हटलेलं नाही. स्वतःवर वेळ आली तेव्हा गेथशेमाने बागेत त्यानेही सुटका मागितली. वधस्तंभ त्याच्या वाट्याला आला तो दुबळ्यांची बाजू सोडली नाही म्हणून, असं मी मानते.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, १८८२ मध्ये नवरा गेला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. उपासमार म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन भुकेल्या मुली, विधवा घेऊन आल्या. केडगावला त्यांना जेवण दिलं, अक्षरं दिली, हाताला काम दिलं. सोसण्याचे धडे दिले नाहीत. १९२१ मध्ये लेक मनोरमा गेली, त्यावर मात्र इलाज नव्हता. अशा वेळी देव आपल्या शेजारी बसून रडतो एवढाच माझ्या श्रद्धेचा आधार आहे, आणि तो मला पुरतो. मारहाणीवर मात्र इलाज असतो.

आता कायद्याचं. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं. बायकोला त्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचंही सिद्ध करावं लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यावर बोट ठेवलं, २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. आता नुसती क्रूरताही पुरते. शिवाय २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा सगळ्याच धर्मांच्या बायकांना आहे.

तेव्हा तुमच्या केंद्रावर अशी बाई आली, तर तिच्या गळ्यातल्या क्रूसाला हसू नका. तिला प्रार्थना करायची असेल तर करू द्या, आणि मग अर्ज भरायला तिच्याबरोबर बसा.