विमानापूर्वीचा प्रवास

2008 साली बंगळूरचा नागरी विमानतळ शहरातून देवनहळ्ळीस गेला. तेव्हापासून प्रवाशाची खरी परीक्षा आकाशात नव्हे, तर सुमारे 35 किलोमीटरांच्या त्या रस्त्यावर होते. सकाळी जाऊन रात्री परतणाऱ्या व्यापाऱ्याने मोटार तेथील वाहनतळावर ठेवणे सोयीचे. महिनाभर लेकीकडे परदेशी निघालेल्या वृद्ध दांपत्याने मात्र ती घरीच ठेवावी. उभ्या मोटारीचेही भाडे चढतच असते. त्यांनी चाकांची खुर्ची आधीच मागून ठेवावी. एकट्या विद्यार्थ्यास रात्रीही धावणारी ‘वायु वज्र’ बस पुरे. सप्टेंबर 2023 पासून आंतरराष्ट्रीय विमाने दुसऱ्या टर्मिनलवरून सुटतात. देशांतर्गत प्रवाशाने टर्मिनल तिकिटावर पाहूनच निघावे. रस्त्यावरच्या गर्दीसाठी तासभर अधिक हाती ठेवावा; विमान कोणासाठी खोळंबत नाही.