लपविणे, कुलूप लावणे आणि जपणे



दर वर्षी वर्धापनदिनी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी शिवणकामावर. यंदा कार्यवाहबाईंनी मला घरच्या जुन्या संगणकातील फाइली कशा लपवाव्यात आणि कशा सांभाळाव्यात, यावर बोलण्याची आज्ञा केली. या विषयातील मी कोणी तज्ज्ञ नव्हे. माझ्या हातून एक चूक झाली. ती निस्तरताना जे शिकले, तेवढेच आज आपणांपुढे ठेवणार आहे.

२००९ साली मुलाने पुण्याहून एक वापरलेला संगणक आणला. त्यात विंडोज एक्सपीची होम आवृत्ती होती. आपल्या बचत गटाचा हिशेब तेव्हा माझ्याकडे असे. वहीतला हिशेब मी मोठ्या हौसेने एक्सेलमध्ये भरू लागले. नाव, रक्कम, हप्ता आणि शेवटच्या रकान्यात कर्ज कशासाठी घेतले ते. त्या शेवटच्या रकान्यात काय काय असते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. कुणाचे दुखणे, कुणाच्या घरचे भांडण, कुणाच्या मुलीचे अडलेले शिक्षण. बायका मला ते विश्वासाने सांगत आणि मी ते इमानाने लिहून ठेवीत असे.

घरात मुलांचा वावर. तेव्हा मुलाने मला युक्ती दाखवली. फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबायचे, ‘प्रॉपर्टीज’ उघडायचे आणि ‘हिडन’ या शब्दापुढे खूण करायची. फोल्डर दिसेनासा! मला वाटले, झाले काम. आपल्या सासवा उतरंडीच्या खालच्या मडक्यात पैसे ठेवीत, तसेच हे.

पण सुट्टीत माझा पुतण्या आला. त्याने शाळेच्या कामासाठी एक्सेल उघडले. फाइल मेनूच्या तळाशी, शेवटी उघडलेल्या चार फाइलींची नावे आपोआप दिसतात, हे मला ठाऊक नव्हते. त्याने सहज एका नावावर बोट दाबले आणि शेवटचा रकाना मोठ्याने वाचला. ओटीवर दोघी शेजारणी बसल्या होत्या. दिवेलागणीपर्यंत गोष्ट साऱ्या आळीत झाली.

जिची ती गोष्ट होती, ती माझ्याशी भांडली नाही. ती मंडळात यायचीच थांबली. हप्ता मात्र चुकवला नाही. तो मुलीच्या हाती पाठवीत असे. भगिनींनो, तो हप्ता हाती घेताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी कधी वाटली नाही.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले. पहिली गोष्ट कळली ती ही, की लपविणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. ‘टूल्स’मधील ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये जाऊन, ‘व्ह्यू’ या भागात लपलेल्या फाइली दाखव अशी खूण केली, की सारे लपविलेले फोल्डर फिकट रंगात समोर उभे राहतात. आपला राजगडच पाहा ना. गुंजवण्याकडून वर जाणाऱ्या वाटेवर चोर दरवाजा आहे. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुरताच तो चोर. आज रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी त्याच दाराने हसतखेळत गडावर जातात. गड राखला तो तटाने आणि पहारेकऱ्यांनी; दार दडविल्याने नव्हे.

मग मी माझे खाते वेगळे केले, त्याला पासवर्ड घातला आणि माझ्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मेक धिस फोल्डर प्रायव्हेट’ अशी सोय होती, ती वापरली. घरातल्या मुलांपुरते ते पुरेसे ठरले. परंतु पुढे संगणक बिघडला. दुरुस्त करणाऱ्याने त्यातील डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली आणि तेथे त्या फोल्डरची मालकी स्वतःकडे घेऊन माझ्यासमोरच तो उघडून दाखवला. माणूस भला होता, म्हणून निभावले. शिवाय एक्सपी होममध्ये ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नावाचे आणखी एक खाते असते. त्याला मुळात पासवर्डच नसतो आणि ‘सेफ मोड’मध्ये ते कुणालाही उघडता येते. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार उघडे!

खरे कुलूप कोणते? तर मजकूरच असा बदलून टाकायचा, की तो हाती पडला तरी वाचता येऊ नये. ही कल्पना मराठीला नवी नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके ‘सकळ’सारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर. किल्ली ठाऊक असेल त्यानेच वाचावे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठे ते ग्रंथ बाहेरच्या अभ्यासकांना वाचता येऊ लागले. ‘सेव्हन-झिप’ नावाचे फुकट मिळणारे साधन आजच्या काळात तेच काम फार कडक रीतीने करते. फाइलींचे गाठोडे बांधायचे, त्याला लांब पासवर्ड द्यायचा आणि नावेही झाकावीत अशी खूण करायची. गाठोडे एकदा उघडून पाहावे; मगच मूळ फाइल पुसावी आणि रिसायकल बिनही रिकामा करावा. नाही तर कुलूपबंद पेटीशेजारी उघडे बोचके ठेवल्यासारखे होईल.

पण किल्ली हरवली तर? या कुलपाची दुसरी किल्ली कोणताही कारागीर करून देत नाही. महानुभावांची लिपी टिकली, कारण तिची किल्ली पंथात एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. म्हणून मंडळाचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून अध्यक्षीणबाईंच्या कपाटात ठेवावा. गाठोड्याची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या घरी ठेवावी. डिस्क निकामी झाली, की लपविलेले आणि उघडे दोन्ही सारखेच जाते. आणखी एक. एक्सपीला तिच्या कंपनीने ८ एप्रिल २०१४ नंतर सुधारणा देणे बंद केले आहे. ज्यांच्या घरी तसा संगणक अजून चालतो, त्यांनी तो इंटरनेटला जोडू नये.

आता शेवटचे. चार महिन्यांनी ती बाई हळदीकुंकवाला आली. मी तिची क्षमा मागू लागले, तर ती म्हणाली, “वहिनी, पैशाचं लिवा. आमच्या घरचं कशाला लिवायचं?”

एवढे पासवर्ड आणि एवढी कुलुपे शिकूनही जे मला सुचले नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगितले. त्याच महिन्यात आपण हिशेबातून तो शेवटचा रकाना काढून टाकला. कर्ज कशासाठी, हे बैठकीत तोंडी सांगावे, सर्वांनी ऐकावे आणि तेथेच ठेवावे, असे ठरले. ते आजवर पाळले गेले आहे, हे सांगताना मला समाधान वाटते.

तेव्हा भगिनींनो, लपवायचे ते घरातल्या लहान हातांपासून. कुलूप लावायचे ते परक्यांपासून. आणि प्रत काढून जपायचे ते काळापासून. पण दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट लिहायची गरजच नसेल, तर ती लिहूच नये. तिला जागा एकच, आपल्या पोटात.