तळ्यातलं शेवाळ : आधी हिशेब, मग उपाय

आपल्या मिरजोळ्याची जमीन म्हणजे जांभ्याचा सडा. जांभ्यात पाणी ठरत नाही, म्हणून शेततळं खणलं की त्याला प्लास्टिकचा कागद घालावा लागतो. ते पाणी माडाला, पोफळीला, भाजीपाल्याला होतं. त्याच पाण्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडली की दोन पैशांचा जोडधंदाही होतो. पहिलं वर्ष बरं जातं. पुढे ऊन तापू लागलं की कडेला शेवाळाचे लोळ दिसू लागतात, पाणी हिरवंगार होतं, आणि मग "ह्यावर औषध काय?" असा प्रश्न येतो. आज त्याच प्रश्नाबद्दल बोलू.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. पोफळीच्या कोळे रोगासाठी आपण बोर्डो मिश्रण करतो, त्यामुळे मोरचूद घरात होताच. शेवाळ दिसलं तसा मी तो अंदाजाने तळ्यात टाकला. दोन दिवसांत पाणी निवळलं. मी खूश! तिसऱ्या दिवशी पहाटे जाऊन बघतो तर मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतायत. उजाडेपर्यंत टोपल्या भरून मेलेले मासे काढावे लागले. वर्षाची मेहनत एका रात्रीत गेली.

असं का झालं? शेवाळ मेलं, पण ते पाण्यातून गेलं कुठे? तळाशी बसून कुजलं. कुजताना त्याने पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला. शिवाय जांभ्याच्या भागातलं पाणी मऊ असतं, त्यात चुन्याचा अंश कमी. अशा पाण्यात मोरचूद माशांना अधिक बाधतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शेवाळाने खाल्लेलं नत्र आणि स्फुरद कुजल्यावर परत पाण्यातच आलं. म्हणजे मासे गेले आणि पुढच्या शेवाळाचं खत मात्र तयार राहिलं.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. शेवाळ हा रोग नव्हे. आपण पाण्यात काय आणि किती घातलं, त्याची ती खतावणी आहे. जमा जास्त आणि खर्च कमी झाला की शिल्लक शेवाळाच्या रूपाने दिसते.

आता जमेची बाजू पाहू. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समभाग घेऊन आपण खाद्य करतो. अशा एका किलो खाद्यात सुमारे ४० ते ४५ ग्रॅम नत्र असतं. त्यातलं पाव ते तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतं. बाकीचं, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात जातं. एवढं नत्र सात ते दहा किलो ओल्या शेणात असतं. म्हणजे रोज एक किलो जादा खाद्य टाकणारा माणूस रोज एक पाटीभर शेण तळ्यात ओततो म्हणा ना! मातीच्या तळ्यात यातलं थोडं स्फुरद माती धरून ठेवते. कागदाच्या तळ्यात ती सोयही नाही.

तेव्हा खाद्य अंदाजाने टाकू नका. महिन्यातून एकदा जाळं टाकून दहा-वीस मासे तोला आणि सरासरी काढा. समजा तळ्यात ३०० मासे आहेत आणि एक मासा सरासरी २०० ग्रॅमचा भरला, तर एकूण वजन ६० किलो झालं. वजनाच्या शेकडा २ या मानाने रोज १ किलो २०० ग्रॅम खाद्य पुरे. मासे लहान असताना शेकडा ३ द्यावं. खाद्य ट्रेमध्ये किंवा भोकं पाडलेल्या पिशवीत टांगून द्या. दोन तासांनी उरलं तर काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी तेवढं कमी करा. ढगाळ दिवशी किंवा मासे वर येऊन तोंडं मारत असतील तेव्हा खाद्य अजिबात देऊ नये.

जमेची दुसरी वाट म्हणजे पाऊस. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. गोठ्याचं, उकिरड्याचं पाणी वाहत तळ्यात येत असेल तर तुमचा सगळा हिशेब फुकट. पावसाआधी तळ्याच्या वरच्या अंगाला चर मारून ते पाणी वळवा.

आता खर्चाची बाजू. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मत्स्यालय आहे. मुलाबाळांना घेऊन ते जरूर बघा. समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी ठेवून तिच्यात प्रवाळ जगवणारे हौशी लोकही असतात. प्रवाळ फार नाजूक. पाण्यात नत्र-स्फुरद वाढलं की शेवाळ त्यावर चढतं आणि ते गुदमरतं. हे लोक काय युक्ती करतात, ऐका. बाजूला दुसरी छोटी टाकी ठेवतात, तिच्यावर दिवा लावून मुद्दाम शेवाळ वाढवतात आणि दर काही दिवसांनी ते उपटून टाकतात. शेवाळाबरोबर त्याने खाल्लेलं नत्र-स्फुरदही बाहेर जातं. ही युक्ती आपल्या तळ्यालाही लागू पडते. कडेचे लोळ बांबूने गुंडाळून किंवा जाळ्याने ओढून बाहेर काढा. मात्र बांधावर ठेवू नका, पहिल्याच सरीबरोबर ते परत आत जाईल. माडाच्या आळ्यात घाला किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.

पाणी बदलण्याचंही तसंच. पाचवा हिस्सा पाणी काढून नवं भरलं तर पाण्यात विरघळलेलं खत पाचवा हिस्साच कमी होतं. त्यामुळे एकदाच बदलून भागत नाही, आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावं लागतं. पाणी तळातून काढा, कारण घाण तिथेच बसलेली असते. हे पाणी माडाला, पोफळीला, भाजीला उत्तम. पण मोहोर येण्याआधीच्या दिवसांत हापूसला देऊ नका. तेव्हा झाडाला ताण हवा, नाहीतर मोहोराऐवजी पालवीच फुटेल. वैशाखात मासे काढले की तळाचा गाळ उपसून बागेत पसरा.

कुणी म्हणेल, मग पाणी अगदी नितळच ठेवावं का? नाही. किंचित हिरवं पाणी हे माशांचं कुरण आहे. प्रवाळ ठेवणारेही पाण्यातलं खत शून्यावर आणत नाहीत. तसं केलं तर प्रवाळ उपाशी राहतं. परीक्षा सोपी आहे. दुपारच्या उन्हात हात पाण्यात सरळ घाला. कोपर बुडण्याच्या सुमारास तळहात दिसेनासा झाला तर पाणी ठीक. मनगट बुडताच दिसेनासा झाला तर पाणी फार दाट. खाद्य थांबवा आणि पाणी बदला. मात्र पावसाची लाल माती मिसळलेली असेल तेव्हा ही परीक्षा धरू नये.

दाट हिरव्या पाण्याला पहाटे जपा. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं. त्यामुळे उजाडण्याच्या आधी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंडं मारताना दिसले की पंप सुरू करून पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यात पाडा. अशा पाण्यात घाईने चुनाही टाकू नका. दुपारी ते आधीच अल्कधर्मी झालेलं असतं, चुन्याने आणखी होतं आणि त्यातला अमोनिया माशांना जास्त विषारी ठरतो.

एक धोक्याची सूचना. पाण्यावर रंग सांडल्यासारखी निळसर-हिरवी साय आली आणि उग्र वास सुटला, तर ते पाणी गुरांना पाजू नका. त्या जातीच्या शेवाळात विष असू शकतं आणि त्याने गुरं दगावतात. अशा वेळी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन सल्ला विचारावा. १९८१ पासून ते आपल्या दाराशी आहे.

थोडक्यात सांगायचं तर, खाद्य तोलून घाला, गोठ्याचं पाणी वळवा, शेवाळ मारू नका तर बाहेर काढा, तळाचं पाणी बागेला द्या आणि पहाटे एक फेरी तळ्यावर मारा. मोरचूद पोफळीसाठी राहू द्या. एक वही करा, तिच्यात रोजचं खाद्य आणि हाताची परीक्षा लिहीत जा. दोन महिन्यांनी ती वही उघडलीत, की शेवाळ कशाने वाढतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल.